वाऱ्यात टिकलेली ज्योत: पहिल्या जेट इंजिनांची गोष्ट

पितळी स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बर्नर तापल्याशिवाय पंप मारायचा नाही. आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, मग हलक्या हाताने पंप. बर्नर तापलेला असेल तर रॉकेलची नळीतच वाफ होते आणि निळी, आवाज करणारी ज्योत मिळते. घाई केली तर कच्चं रॉकेल वर येतं, वाटीत साचतं आणि पिवळा भडका उठतो. मग चावी सोडून टाकीतली हवा काढली तरी तो लगेच बसत नाही. साचलेलं रॉकेल जळून संपेपर्यंत थांबावंच लागतं.

१२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी, टर्बाइन बनवणाऱ्या एका कारखान्यात नेमकं हेच झालं. फक्त तिथे स्टोव्ह नव्हता, जेट इंजिन होतं. फ्रँक व्हिटल हा २९ वर्षांचा वायुदल अधिकारी ते पहिल्यांदाच चालवून बघत होता. विजेच्या मोटरने इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत नेलं, इंधनाची झडप उघडली, आणि भोंग्यासारखा चढता आवाज करत इंजिन स्वतःच वेग घेऊ लागलं. व्हिटलने झडप बंद केली, तरी वेग वाढतच राहिला. बाहेरचं आवरण ठिकठिकाणी लालभडक झालं. भोवतीची माणसं पळाली. फेऱ्या आठ हजारांपर्यंत गेल्या आणि मग कुठे इंजिन मंदावलं. कारण पुढे सापडलं: चालू करण्याआधीच थोडं इंधन ठिबकून ज्वलनकक्षाच्या तळाशी साचलं होतं. झडप बंद होती, पण वाटीतलं रॉकेल जळत होतं.

मला या प्रसंगाचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. जेट इंजिनाची मूळ कल्पना कागदावर समजायला अगदी सोपी आहे. ती यंत्रात उतरवताना तीन गोष्टींनी माणसांचा घाम काढला: हवा दाबणं, वाऱ्यात आग टिकवणं, आणि त्या आगीसमोर न वितळता, न ताणता फिरत राहणारा धातू. सुरुवातीच्या जेट इंजिनांचा इतिहास म्हणजे या तीन अडचणींशी केलेली झटापट आहे.

आधी मूळ कल्पना. आपल्या मोटरसायकलच्या इंजिनात चार कामं होतात: हवा आत घेणं, ती दाबणं, इंधन जाळणं आणि धूर बाहेर टाकणं. ही चारही कामं एकाच सिलिंडरमध्ये, एकामागून एक होतात. घरी एकटी बाई पोळ्या करते तसं: तीच कणीक मळते, तीच लाटते, तीच भाजते. जेट इंजिन म्हणजे लग्नघराचा भटारखाना. एक जण फक्त मळतोय, दुसरा लाटतोय, तिसरा भाजतोय, आणि काम क्षणभरही थांबत नाही. पुढून हवा सतत आत येते. कॉम्प्रेसर ती दाबतो. ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळतं. तापून फुगलेला वायू टर्बाइनच्या चाकावरून जाताना ते फिरवतो आणि मागच्या तोंडातून प्रचंड वेगाने बाहेर पडतो. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर बसवलेले असतात, म्हणून टर्बाइन फिरलं की कॉम्प्रेसरही फिरतो आणि पुढची हवा आत येते.

विमान पुढे जातं ते भुईचक्र ज्या कारणाने फिरतं त्याच कारणाने. ठिणग्या एकीकडे, चक्र दुसरीकडे. मागची हवा ढकलून विमान पुढे सरकतं असा एक समज असतो, तो बरोबर नाही. इंजिन हवा घेतं आणि घेतली त्यापेक्षा खूप जास्त वेगाने मागे फेकतं. त्या फेकण्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनालाच पुढे रेटा बसतो.

पण पंख्याची विमानं व्यवस्थित उडत असताना याची गरज कोणाला होती? व्हिटलने १९२८ साली, क्रॅनवेलच्या वायुदल महाविद्यालयात शिकत असताना एक प्रबंध लिहिला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं की विमानाला खूप वेगाने आणि खूप लांब जायचं असेल तर त्याने खूप उंचावर, विरळ हवेत उडायला हवं, कारण तिथे हवेचा अडथळा कमी. त्याच्या डोक्यात ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग होता. त्या वेळची लढाऊ विमानं त्याच्या निम्म्यानेही जात नव्हती. उंचावर दोन अडचणी येतात. विरळ हवेत पिस्टनच्या इंजिनाला दम लागतो. आणि वेग वाढला की पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात, तिथे पंखा हवा कापण्याऐवजी नुसती शक्ती वाया घालवू लागतो. पिस्टन आणखी मोठा करून हे सुटणारं नव्हतं. १९२९ च्या अखेरीस त्याला उत्तर सुचलं: पिस्टनही नको, पंखाही नको, टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवायचा आणि उरलेल्या वायूचा झोत थेट मागे सोडायचा. जानेवारी १९३० मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

हवाई मंत्रालयाने रस दाखवला नाही. तिथले तज्ज्ञ ए. ए. ग्रिफिथ यांना व्हिटलच्या गणितात चूक सापडली आणि त्याची गृहीतकं फार आशावादी वाटली. आज मागे वळून ग्रिफिथ यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांची शंका कुठून आली हे समजून घेतलं की जेट इंजिनाचं खरं दुखणं कळतं, म्हणून इथे थोडं गणित करू.

समजा, तापलेल्या वायूतून आदर्श टर्बाइनने १०० एकक शक्ती काढली असती, आणि आदर्श कॉम्प्रेसरला हवा दाबायला ६० एकक लागली असती. उरली ४०. झकास. आता दोन्ही यंत्रं ८० टक्के कार्यक्षम आहेत असं धरा. टर्बाइन १०० ऐवजी ८० देईल, आणि कॉम्प्रेसरला ६० चं काम करून घ्यायला ७५ द्यावी लागतील. उरली फक्त ५. आणखी खाली, ७० टक्क्यांवर या. टर्बाइनकडून ७० मिळतात आणि कॉम्प्रेसर मागतो ८६. म्हणजे इंजिन चालणारच नाही. मिळकतीचा मोठा भाग धंदा चालू ठेवण्यातच जातो अशी ही स्थिती, त्यामुळे थोडी गळती झाली की सगळं बुडतं. नॉर्वेचे एगिडियस एलिंग यांनी १९०३ साली स्वतःचा खर्च भागवून थोडी शक्ती शिल्लक ठेवणारं गॅस टर्बाइन करून दाखवलं, तेव्हा ती शिल्लक होती जेमतेम ११ अश्वशक्ती.

या गणितातून सुटायचे दोन रस्ते आहेत. एक, पाती इतकी नीट घडवायची की गळती कमी व्हावी. ग्रिफिथ यांनीच १९२६ साली दाखवलं होतं की जुन्या टर्बाइनची पाती हवेच्या दृष्टीने चुकीच्या आकाराची आहेत. त्यांना विमानाच्या पंखासारखा आकार हवा. दुसरा रस्ता, वायू आणखी तापवायचा. कॉम्प्रेसरचा खर्च तोच राहतो आणि टर्बाइनची मिळकत वाढते. पण मग धातूला ते सोसायला हवं. व्हिटलच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती: उंचावरची हवा थंड असते आणि थंड हवा दाबायला कमी शक्ती लागते. जमिनीवरच्या टर्बाइनचे आडाखे आकाशात तसेच लागू होत नाहीत हे त्याला दिसलं होतं.

१९३५ साली त्याच्या पेटंटच्या नूतनीकरणाची वेळ आली. शुल्क होतं ५ पौंड. मंत्रालय ते भरायला तयार नव्हतं, व्हिटलच्या घरात पैशांची ओढाताण होती, आणि पेटंट गेलं. हे वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते. त्यानंतर वायुदलातल्या दोन जुन्या ओळखीच्यांनी पैसे उभे करण्याची खटपट केली आणि मार्च १९३६ मध्ये ‘पॉवर जेट्स’ ही छोटी कंपनी निघाली. हाताशी भांडवल सुमारे दोन हजार पौंड. व्हिटल तेव्हा वायुदलाच्या वतीने केंब्रिजला शिकत होता आणि त्याला या कामासाठी आठवड्याचे सहा तास द्यायची अधिकृत परवानगी होती.

या तुटपुंज्या साधनांवर त्याने काय बांधायला घेतलं ते बघा. कॉम्प्रेसरसाठी त्याने सर्वांत साधा प्रकार निवडला. भिजलेली छत्री गरगर फिरवली की थेंब कडेने बाहेर फेकले जातात, तसं एक पातीदार चाक हवेला मधोमध पकडून कडेकडे भिरकावतं आणि मग ती हवा मंदावताना तिचा दाब वाढतो. त्याला एकाच चाकाकडून चौपट दाब हवा होता. तोवर कुणी दुपटीच्या फार पुढे गेलेलं नव्हतं. ते चाक फिरवायला सुमारे ३,००० अश्वशक्ती लागणार होती, आणि ती मिळणार होती पावणेदोन वीत व्यासाच्या एका टर्बाइन चाकातून. स्पिटफायर विमानाच्या गाजलेल्या मर्लिन इंजिनाची शक्ती तेव्हा हजार अश्वशक्तीच्या आसपास होती. म्हणजे तसली तीन इंजिनं एका परातीएवढ्या चाकात बसवायची, आणि तीही फक्त कॉम्प्रेसर फिरवण्यासाठी.

आता आगीकडे येऊ. मेणबत्तीवर फुंकर घातली की ती विझते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात वादळापेक्षा जोरात हवा वाहत असते आणि तिथे ज्योत तासन् तास तेवत ठेवायची असते. शिवाय जागा अपुरी. वीजघराच्या भट्टीत जितक्या जागेत जेवढं इंधन जळतं, त्याच्या अनेक पट तेवढ्याच जागेत जाळायचं. व्हिटलने सुरुवातीला जी युक्ती वापरली ती आपल्या स्टोव्हचीच: नळ्या ज्वाळेत तापवायच्या, त्यांतून इंधन नेऊन त्याची वाफ करायची आणि ती जाळायची. स्टोव्हला पिन का मारावी लागते हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. नळ्यांत काजळी धरायची, त्या वाकायच्या, कुठे ज्वाळा जास्त, कुठे कमी. एका बाजूला जास्त तापलेला वायू टर्बाइनवर आला की पाती जळायची. वर्षानुवर्षं हे चाललं. १९४० मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबक यांनी तयार केलेल्या ज्वलनकक्षाने मोठी अडचण दूर झाली. त्यात वाफेचा नादच सोडला होता. इंधन बारीक छिद्रातून दाबाने सोडून त्याचे तुषार करायचे.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट पक्की झाली, जी आजही प्रत्येक जेट इंजिनात असते. आलेली सगळी हवा एकदम आगीवर सोडायची नाही. छिद्रं असलेल्या नळकांड्यात ज्योत ठेवायची. सुरुवातीला थोडीच हवा आत घ्यायची आणि तिला भोवरा द्यायचा, म्हणजे तप्त वायू मागे वळून नव्या इंधनाला पेटवत राहतो. दिव्याला हाताचा आडोसा धरतात तसा तो आडोसा. बाकीची बरीचशी हवा पुढच्या छिद्रांतून हळूहळू मिसळायची, कारण इंधन नीट जळतं तिथलं तापमान जवळपास दोन हजार अंश असतं आणि ते टर्बाइनला झेपणारं नसतं. विरजण लावताना दूध कोमट होऊ देतो तसं हे. वायू टर्बाइनला सोसेल इतपत निववून मग पुढे पाठवायचा.

आणि ते ‘सोसेल इतपत’ म्हणजे किती? सातशे-आठशे अंश सेल्सिअस. लोहाराच्या भात्यासमोर लोखंड या तापमानाला लाल होऊन नरम पडतं. इथे मात्र त्याच तापमानात पातं मिनिटाला सोळा-सतरा हजार फेऱ्या घेत असतं. हिशेब केला तर चाकाच्या कडेवरच्या पात्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पन्नास हजार पट ओढ बसते. पातं ५० ग्रॅमचं धरलं तरी ती ओढ अडीच टनांची झाली. लाल तापलेल्या चमच्याला हत्ती टांगावा आणि चमच्याने तासन् तास आपली लांबी बदलू नये, अशी ही मागणी. धातू एकदम तुटत नाही, हळूहळू ताणत जातो; काही दशांश मिलिमीटर लांबला तरी बाहेरच्या कवचाला घासतो आणि सगळं संपतं. सुरुवातीचं पोलाद यात कमी पडलं. मग निकेल आणि क्रोमियमचे ‘निमोनिक’ नावाचे मिश्रधातू खास या कामासाठी बनवले गेले. पाती चाकात बसवायची खाचसुद्धा बदलावी लागली. देवदाराच्या झाडासारखी, खाली निमुळती होत जाणारी दातेरी मुळं करून पाती खाचेत सरकवायची पद्धत व्हिटलच्या इंजिनात आली. आजच्या टर्बाइनमध्येही तीच आहे.

मोटरसायकलच्या सिलिंडरमध्ये आग क्षणभरच असते. लगेच गार हवा येते आणि धातूला उसंत मिळते. जेट इंजिनात भाजणारा सतत भाजतच असतो, त्यामुळे तव्याला उसंत नाही. भटारखान्याच्या सोयीची किंमत ही अशी टर्बाइनच्या पात्याला मोजावी लागते.

इकडे हे चाललं असताना जर्मनीत हान्स फॉन ओहाइन नावाचा तरुण त्याच वाटेने निघाला होता. गॉटिंगेन विद्यापीठात भौतिकशास्त्राची डॉक्टरेट करताना त्याला पिस्टन इंजिनाचा खडखडाट खटकला. आपली गाडी दुरुस्त करणाऱ्या माक्स हान या कुशल कारागिराकडून त्याने एक नमुना बनवून घेतला. तो स्वतःच्या बळावर चालला नाही; इंधन आत जळायच्या ऐवजी टर्बाइनच्या मागे बाहेर जळत होतं. म्हणजे अडचण तीच, आगीची. पण ओहाइनच्या प्राध्यापकांनी त्याची गाठ विमान उत्पादक एर्न्स्ट हाइन्केल यांच्याशी घालून दिली. व्हिटलला जे कधीच नीट मिळालं नाही ते ओहाइनला एका भेटीत मिळालं: वेगाच्या नादाने झपाटलेला, हातात कारखाना असलेला माणूस.

ओहाइनचा शहाणपणा असा की त्याने सगळ्या अडचणींना एकाच वेळी अंगावर घेतलं नाही. १९३७ च्या पहिल्या इंजिनात त्याने हायड्रोजन जाळला. हायड्रोजन झटकन पेटतो आणि वाऱ्यात सहसा विझत नाही. त्यावर विमान उडवायचा विचार नव्हता, पण कॉम्प्रेसर आणि टर्बाइन चालतात हे दिसलं, हाइन्केल खूश झाले आणि द्रव इंधनाच्या ज्वलनकक्षासाठी वेळ मिळाला. २७ ऑगस्ट १९३९ रोजी एरिश वार्सिट्झ या चाचणी वैमानिकाने रॉस्टॉकजवळ हाइन्केल १७८ हे विमान उडवलं. जेट इंजिनावर उडालेलं ते जगातलं पहिलं विमान. पाच दिवसांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं.

ब्रिटनमध्ये व्हिटलचं इंजिन उडायला १५ मे १९४१ उजाडला. ग्लॉस्टर कंपनीचं छोटं विमान, वैमानिक गेरी सेयर, उड्डाण १७ मिनिटांचं. जागा होती क्रॅनवेल. तेरा वर्षांपूर्वी जिथे बसून प्रबंध लिहिला तीच.

युद्धात सर्वांत जास्त संख्येने बनलेलं जेट इंजिन मात्र तिसरंच होतं: युंकर्स कंपनीत आन्सेल्म फ्रान्झ यांनी घडवलेलं युमो ००४. फ्रान्झ यांनी छत्रीचा प्रकार सोडून पात्यांच्या रांगांमागे रांगा लावल्या. प्रत्येक रांग हवेचा दाब थोडासा वाढवून पुढच्या रांगेकडे देते. आठ रांगा मिळून दाब जेमतेम तिप्पट व्हायचा, व्हिटलच्या एका चाकापेक्षाही कमी. तरी हा निर्णय दूरदृष्टीचा होता, कारण असं इंजिन सडपातळ राहतं, पंखाखाली नीट बसतं आणि रांगा वाढवून दाब वाढवत नेता येतो. आजची मोठी जेट इंजिनं याच वंशातली आहेत.

फ्रान्झ यांच्यापुढे आणखी एक संकट होतं: युद्धामुळे निकेल, कोबाल्ट यांसारखे धातू मिळत नव्हते. त्यांनी ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले आणि गंजू, जळू नयेत म्हणून वर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिला. टर्बाइनची पाती आतून पोकळ करून त्यांतून हवा खेळवली. अभावातून निघालेली ही पोकळ पात्यांची युक्ती पुढे सर्वांनी उचलली. पण त्या इंजिनाचं आयुष्य साधारण १० ते २५ तासांचंच असायचं. वैमानिकाने थ्रॉटल झटकन पुढे ढकलला तर इंधन एकदम वाढून टर्बाइन जळायचं किंवा ज्योतच विझायची. इंजिनाच्या नाकात एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं असे; ते आधी सुरू करायचं, मग त्याने मोठं इंजिन फिरवायचं. या इंजिनांच्या जोडीवर मेसरश्मिट २६२ हे लढाऊ विमान १८ जुलै १९४२ रोजी पहिल्यांदा उडालं. आधी मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीची जेट इंजिनं लावून प्रयत्न झाला होता. ती दोन्ही बंद पडली, आणि नाकावर खबरदारी म्हणून ठेवलेल्या जुन्या पिस्टन इंजिनाने वैमानिक फ्रिट्झ वेंडेल यांना खाली आणलं.

व्हिटलच्या इंजिनाचं उत्पादन आधी रोव्हर या मोटार कंपनीकडे गेलं आणि दोघांचं बिनसलं. १९४२ च्या अखेरीस क्लिथेरो गावातल्या एका खाणावळीत जेवताना रोव्हर आणि रोल्स-रॉइसच्या प्रमुखांनी अदलाबदल ठरवली: जेट इंजिन रोल्स-रॉइसकडे, रणगाड्याच्या इंजिनाचा कारखाना रोव्हरकडे. तिथून काम धावू लागलं, आणि जुलै १९४४ मध्ये ग्लॉस्टर मीटिऑर विमानं वायुदलात रुजू झाली. अमेरिकेला व्हिटलचं एक इंजिन ऑक्टोबर १९४१ मध्येच विमानातून पाठवलं होतं. त्यावरून जनरल इलेक्ट्रिकने बनवलेल्या इंजिनांवर वर्षभरात बेल कंपनीचं विमान उडालं. गुप्तता राखण्यासाठी जमिनीवर असताना त्याच्या नाकाला लाकडी खोटा पंखा लावून ठेवत.

भारतात हा वंश लवकर आला. १९४८ मध्ये वायुदलाला मिळालेल्या व्हॅम्पायर विमानांतलं गॉब्लिन इंजिन छत्रीच्याच प्रकारचं. १९५३ पासून आलेल्या तूफानी विमानांतलं नीन हे रोल्स-रॉइसचं इंजिनही तसंच. हेच नीन ब्रिटनने १९४६ मध्ये सोव्हिएत संघाला विकलं होतं आणि त्याच्याच आधारावर मिग-१५ उभं राहिलं.

व्हिटलने १९३६ मध्येच आणखी एक पेटंट मागितलं होतं. त्याला दिसलं होतं की थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा जास्त हवा बेताच्या वेगाने फेकली तर कमी इंधनात तेवढाच रेटा मिळतो. म्हणून काही हवा आगीत न नेता बाजूने मागे सोडायची. त्या काळी ते बांधायला ना धातू होता ना पैसा. हे तत्त्व वापरणारं रोल्स-रॉइसचं कॉनवे इंजिन पुढे आलं, आणि १९६० साली एअर इंडियाची पहिली बोइंग ७०७ विमानं सांताक्रूझला उतरली तेव्हा त्यांच्या पंखांखाली तीच कॉनवे इंजिनं होती. आज मुंबईच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या मोठ्या विमानांच्या इंजिनात पुढून शिरणाऱ्या हवेपैकी बहुतेक हवा आगीजवळ फिरकतच नाही. आतमध्ये मात्र तेच चाललेलं असतं: छिद्रांचं नळकांडं, त्याच्या आडोशाला ज्योत, आणि तिला पोसणारं, आपल्या रॉकेलच्याच कुळातलं इंधन.